ढाल मिळाल्यानंतर

बडोद्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी केलेलं काम नेमकं कुठं जाऊन बघायचं, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत.

काका म्हणतात, गोरव्यात. ते कलाभवनचे विद्यार्थी. कलाभवन म्हणजे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची इंजिनिअरिंगची शाखा. कागदोपत्री तिचं नाव 'फॅकल्टी ऑफ टेक्नॉलॉजी अँड इंजिनिअरिंग' असं आहे, पण राजमहाल रोडवर रिक्षावाल्याला ते सांगून बघा, तो तोंडाकडे बघत राहील. 'कलाभवन' म्हटलं की रिक्षा वळते. सत्तरच्या दशकात तिथून बी.ई. मेकॅनिकल होऊन काकांनी काही वर्षं नोकरी केली आणि मग गोरव्याच्या बी.आय.डी.सी. औद्योगिक वसाहतीत शेड घेतली. पंपांना लागणारे शाफ्ट, स्लीव्ह, बुश असला माल. सुरुवात जुन्या लेथवर झाली, आता सी.एन.सी. आहे. कामगार गुजराती बोलतात, काका हिशेब मराठीत करतात, आणि रागावले की दोन्ही भाषा एकदम चालतात.

ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, म्हणते, कागदावर. ती शहराबाहेरच्या एका कॉलेजात मेकॅनिकल शिकवते आणि शिकवून उरलेल्या वेळात 'क्रायटेरियन थ्री' सांभाळते. हे काय असतं ते ज्यांना ठाऊक नाही ते सुखी. कॉलेजांना मानांकन देणाऱ्या नॅकच्या सात निकषांपैकी तिसरा निकष संशोधनाचा. पेपर किती, पेटंटं किती, बक्षिसं कुठली, कोणत्या कंपनीशी करार, आणि या प्रत्येकाचा पुरावा काय, हे सगळं त्यात येतं. पुरावा म्हणजे प्रमाणपत्राची प्रत आणि जिओटॅग केलेला फोटो. फोटोच्या कोपऱ्यात अक्षांश-रेखांश उमटलेले नसतील तर कार्यक्रम झाला असं कुणी धरत नाही. ताईच्या फोनमध्ये आमच्या भाचीच्या वाढदिवसाचे फोटोसुद्धा अक्षांश-रेखांशासह आहेत. सेटिंग बंद करायला तिला सवड झालेली नाही.

मध्यंतरी ती काकांच्या कारखान्यात फाइल घेऊन आली. तिच्या कॉलेजच्या मुलांनी काकांच्याकडे एक प्रोजेक्ट केला होता, त्याला राज्य पातळीवरच्या एका स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं होतं, आणि 'इंडस्ट्री पार्टनर' म्हणून काकांची सही हवी होती. मी तिथं होतो. सही पाच मिनिटांची होती, वाद दुपारभर चालला. तो जमेल तसा इथं मांडतो. माझा कल कुठं आहे ते लपवत बसणार नाही.

काकांनी फाइल उघडली ती मागून. वर्तमानपत्रही ते मागूनच वाचतात.

"ही पेटंटं. मिळालेली का मागितलेली?"

"पब्लिश झालेली."

"पब्लिश म्हणजे मिळालेली?"

"नाही. अर्ज केला की अठरा महिन्यांनी पेटंट ऑफिस तो आपल्या जर्नलमध्ये छापतंच. घाई असेल तर फॉर्म नाइन भरायचा, जादा फी द्यायची, महिन्याभरात छापून येतो."

"आणि तपासतात कधी? हे नवं आहे का, आधी कुणी केलंय का?"

"त्यासाठी वेगळा अर्ज लागतो. फॉर्म एटीन. तो केला तर तपासणी, नाही केला तर अर्ज आपोआप बाद."

"तुझ्या कॉलेजनं किती वेळा केलाय हा एटीन?"

ताई पाणी प्यायली.

"म्हणजे मुलगी बघायला गेलो, तेवढ्यावरच लग्नपत्रिका छापली म्हणायचं," काका म्हणाले. सी.एन.सी.वरचा ऑपरेटर दाराशी उभा होता. त्याला मराठी अर्धीच कळते, पण हसायचं कुठं ते त्याला बरोबर कळलं.

ताई चिडली नाही. ती म्हणाली, "हसा. पण २०२१च्या आधी आमच्यासारख्या संस्थेला अर्जाची फी मोठ्या कंपनीइतकीच होती. आठ हजार. मग सरकारनं शैक्षणिक संस्थांना ऐंशी टक्के सूट दिली, सोळाशे झाले. आठ हजारांसाठी नोटशीट प्राचार्यांकडे गेली की परत येत नव्हती. चांगली कामं कपाटात राहिली, काका. मी स्वतः बघितलीत. सोळाशे झाल्यावर वाईट कामंही बाहेर पडली, कबूल. पण कपाट उघडलं ना?"

"उघडलं, आणि आतला कचरा जर्नलमध्ये गेला."

"कचरा कुठला आणि माल कुठला हे ठरवायला तपासणी आहे. ती करून घ्यायची सक्ती रँकिंगवाल्यांनी करावी. राग त्यांच्यावर काढा. एन.आय.आर.एफ.च्या रँकिंगमध्ये शंभरातले तीस गुण संशोधनाचे असतात. तीस गुण टेबलावर ठेवल्यावर ते उचलू नका असं तुम्ही कुठल्या कॉलेजला सांगणार?"

इथं माझं मत ताईच्या बाजूला झुकलं. बिलं लवकर निघावीत म्हणून काकाही दरवर्षी मार्चमध्ये काय काय करतात ते मला ठाऊक आहे. मोजमाप ज्याचं होतं त्याचाच ढीग वाढतो, हा काही कॉलेजांचा खास रोग नव्हे.

पण काका तिथं थांबणाऱ्यातले नाहीत. त्यांनी थेट १८९० गाठलं. बडोद्याच्या मराठी घरात वाद कुठूनही सुरू होवो, तो सयाजीरावांपाशी पोचतोच.

"सयाजीरावांनी कलाभवन काढलं तेव्हा प्राचार्य म्हणून कुणाला आणलं? त्रिभुवनदास गज्जरांना. सुरतेचे, रसायनशास्त्राचे. त्यांच्या नावावर किती पेपर होते गं?"

"मोजले नाहीत."

"कुणीच मोजले नाहीत. पण मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला दामोदर चापेकरांनी डांबर फासलं, १८९६ साली, तेव्हा ते डाग काढायला सरकारला कोण आठवलं? गज्जरच. चापेकर आपले, गज्जरही आपलेच. एकानं काळं केलं, दुसऱ्यानं गोरं केलं." काकांना ही गोष्ट फार आवडते, आणि चापेकरांच्या गोष्टीत डाग काढणाऱ्याचं कौतुक करायला ते बिचकत नाहीत. संगमरवर सच्छिद्र असतो, डांबर आत मुरतं. खरवडलं तर चेहरा जातो आणि आम्ल लावलं तर दगडच विरघळतो. गज्जरांनी तो चेहरा साफ केला आणि त्यांचं नाव झालं. "हे संशोधन. पुतळा स्वच्छ झाला की नाही, हे रस्त्यावरचा माणूस सांगू शकत होता. रिव्ह्यूअर लागला नाही."

"आणि तेच गज्जर त्याच १८९६ साली बडोदा सोडून मुंबईला विल्सन कॉलेजात गेले, हे का नाही सांगत?"

"गेले. पण जाताना माणसं तयार करून गेले. कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांना बरोबर घेऊन १९०७ साली त्यांनी ॲलेम्बिक काढली. ॲलेम्बिक आज कुठंय? या खिडकीतून दिसेल. टिंक्चर आणि अल्कोहोलपासून सुरुवात. १९६१ साली पेनिसिलिनचा कारखाना झाला, उद्घाटनाला लालबहादूर शास्त्री आले होते. मग ज्योती, १९४३ची, नानुभाई अमीनांची. पंप, मोटारी. नानुभाई अमेरिकेत शिकून आले होते, सौरऊर्जा आणि गोबरगॅस यावर त्यांनी तेव्हा पैसा घातला जेव्हा लोक हसायचे. या दोन कारखान्यांच्या पोटी हा सगळा गोरवा वसला. आयटीआय झालं, बी.आय.डी.सी. झाली, माझ्यासारखे शंभर जण पोटाला लागले. कलाभवनचं संशोधन म्हणजे हे. त्याला क्रायटेरियन थ्रीमध्ये कॉलम आहे का?"

वाद ऐकताना खिडकीबाहेर बघितलं तर काकांचा मुद्दा जितका पक्का वाटतो तितका तो नाही, हे इथं नोंदवून ठेवतो. ॲलेम्बिक रोडवर आता इनऑर्बिट मॉल आहे, आणि कंपनीच्या काही जुन्या औद्योगिक इमारतींत चित्रकारांचे स्टुडिओ आहेत. कलाभवनमध्ये एकेकाळी चित्रकला आणि रंगाईचं रसायन एकाच छपराखाली शिकवत, त्यामुळे गज्जरांना त्यात फारसं वावगं वाटलं नसतं. पण कारखान्यांच्या भोंग्यावर चालणारा गोरवा काकांच्या बोलण्यात जेवढा उरलाय तेवढा बाहेर उरलेला नाही.

ताईनं मात्र दुसरीकडून पकडलं. "गज्जरांचं नाव तुम्ही काढलंत ते बरं झालं. गज्जरांनी सगळ्यात जास्त घाम कशासाठी गाळला? पुस्तकांसाठी. कलाभवनात शिक्षण गुजराती आणि मराठीत द्यायचं ठरलं, तर पुस्तकं कुठं होती? यंत्रशास्त्राची, रसायनाची, रंगाईची पुस्तकं त्यांनी देशी भाषांत लिहवून घेतली. 'सयाजी ज्ञानमंजूषा' ती माला. रंगाईवर 'रंगरहस्य' नावाचं त्रैमासिक काढलं. पिढ्यान्‌पिढ्या रंगारी कृती मनात ठेवायचे, मुलाला सांगायचे, जावयाला नाही. गज्जर त्याच कृती छापायला लागले. म्हणजे माणूस कागदाचाच होता. तुमचा गज्जर आमच्या पक्षाचा आहे, काका."

काका काही बोलले नाहीत, त्यांनी चहा सांगितला. हा त्यांचा मुद्दा मान्य करण्याचा प्रकार.

चहा आला तसा विषय बक्षिसांवर गेला. काकांचं म्हणणं, ढाल-चषकांनी मुलं बिघडतात. मॉडेल बनतं ते परीक्षकासमोर दहा मिनिटं चालण्यासाठी, अकराव्या मिनिटाला काय होतं त्याच्याशी कुणाला घेणं नाही. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये मुलं सलग ३६ तास बसतात आणि देशाचा एखादा प्रश्न सोडवतात. "छत्तीस तासांत माझं एक जॉब सेटिंग होत नाही कधीकधी," काका म्हणाले.

"दादासाहेब फाळके," ताई म्हणाली.

"काय फाळके?"

"तुमच्याच कलाभवनचे. मुंबईला जे.जे.त शिकून इथं आले. १८९२ साली अहमदाबादला औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं. त्यात आदर्श नाट्यगृहाचं मॉडेल केल्याबद्दल त्यांना सुवर्णपदक मिळालं. मॉडेलच ते. दहा मिनिटं बघायचं. त्यात कुणी नाटक केलं नाही. पण ते काम बघून खूश झालेल्या एका चाहत्यानं त्यांना भारी किमतीचा कॅमेरा भेट दिला, असं त्यांच्या चरित्रात येतं. त्र्यंबकेश्वरच्या भटजींच्या मुलाच्या हाती तेव्हा महागडा कॅमेरा दुसऱ्या कुठल्या रस्त्यानं आला असता? पदक नसतं तर चाहता नसता."

"आणि गज्जरांनी त्याला रतलामला पाठवलं, ते?" काका आता खुर्चीत पुढं सरकले. "ब्लॉक कसे करायचे, तीन रंगांची छपाई, डार्करूम, हे शिकायला प्राचार्यांनी एका विद्यार्थ्याला मुद्दाम दुसऱ्या गावी धाडलं. का? त्याचा हात बघितला होता म्हणून. तुझ्या प्राचार्यांना किती मुलांचे हात माहीत आहेत? पदकानं कॅमेरा दिला, मान्य. कॅमेऱ्यानं काय दिलं? गोध्र्याला स्टुडिओ काढला. प्लेगात बायको-मूल गेलं. बडोद्याला परत आले, तर कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो म्हणून लोक फोटोला बसेनात. 'राजा हरिश्चंद्र' आला १९१३ला. पदकानंतर एकवीस वर्षं! मधल्या काळात तुझ्या नॅकवाल्यांनी माजी विद्यार्थ्यांची यादी मागितली असती तर फाळक्यांसमोर काय लिहिलं असतंस? 'स्टुडिओ बंद'?"

याला ताईकडे उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं कुणाकडेच नाही. रँकिंग दरवर्षी लागतं. माणूस घडायला लागणारा काळ त्या वर्षाच्या रकान्यात बसत नाही. नाही बसत म्हणून कॉलेजं उलट करतात, तयार झालेला माणूस मागून आणून आपल्या रकान्यात बसवतात. व्यंकटरामन रामकृष्णन बडोद्यात वाढले, १९७१ साली सयाजीराव विद्यापीठातून भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झाले, आणि २००९ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. जाहीर झालं तेव्हा भारतातून ई-मेलांचा असा पूर आला की ते वैतागले आणि तसं त्यांनी उघड बोलूनही दाखवलं. आजही शहरातल्या कुठल्याही कॉलेजच्या समारंभात, अगदी इंजिनिअरिंगच्यासुद्धा, प्रमुख पाहुणे तिसऱ्या वाक्याला रामकृष्णन यांच्यावर येतात. बी.एस्सी.च्या वर्गात त्यांना कुणी काय शिकवलं हे मात्र कुणी सांगत नाही. खरं तर तेच ऐकायला आवडलं असतं.

आता त्या प्रोजेक्टकडे येतो, कारण दोघांचं खरं भांडण तिथं होतं.

पंपाच्या शाफ्टवर स्लीव्ह बसते आणि स्लीव्हच्या आत ओ-रिंग. स्लीव्हच्या भोकाच्या तोंडाला बारीक उतार काढावा लागतो, त्याला कारखान्यात चँफर म्हणतात. चँफर राहून गेला तर बसवताना ती धारदार कड रबराची ओ-रिंग कापते, पंप गळतो, आणि गिऱ्हाइकाचा फोन येतो. शेकडो नगांत एखाद-दुसरा असा निसटतो आणि नजरेनं तपासून थकलेला माणूस तो सोडतो. ताईच्या चार विद्यार्थ्यांनी यावर एक पेटी केली. आत कॅमेरा, त्याच्याभोवती गोल एल.ई.डी. दिवा. चँफर असेल तर उजेड त्या उतारावरून परततो आणि कॅमेऱ्यात लखलखीत कडं दिसतं. कडं नसेल तर लाल दिवा. स्पर्धेत शंभर टक्के बरोबर चाललं. ढाल मिळाली, चेक मिळाला, फोटो जिओटॅग झाला.

मग पेटी गोरव्याला आली आणि पहिल्याच दिवशी चँफर नसलेल्या स्लीव्हना खुशाल पास करायला लागली.

कारण साधं होतं आणि कॉलेजात कुणालाही सुचण्यासारखं नव्हतं. स्पर्धेत ठेवलेल्या स्लीव्ह धुऊन पुसलेल्या होत्या. मशिनवरून उतरणाऱ्या स्लीव्हवर कूलंटचा पातळ थर असतो, ते दुधासारखं पांढरं तेलपाणी. भोकाच्या तोंडाशी ते गोळा होतं आणि त्याची गोल कड दिव्याखाली हुबेहूब चँफरसारखी चमकते. कॅमेऱ्याला चँफर दिसत होता, स्लीव्हला नव्हता.

चारांपैकी तिघं तोवर प्लेसमेंटच्या तयारीला लागले होते. एक मुलगी येत राहिली. बोडेलीकडची, घरात इंजिनिअरिंगला गेलेली पहिलीच. ती आधी स्लीव्ह कापडानं पुसून ठेवायची. काका म्हणाले, पुसायला माणूस ठेवायचा तर बघायलाच ठेवतो ना. मग तिनं कॉम्प्रेसरच्या लाइनमधून हवेचा झोत मारला. सरळ मारला तर आतलं कूलंट उडून कॅमेऱ्याच्या काचेवर. तिरपा केला तर कॅमेरा वाचला, पण पावसाळ्यात हवेतूनच पाणी यायला लागलं, कारण कॉम्प्रेसर दमट हवा दाबतो तेव्हा लाइनमध्ये पाणी साचतं. मग मॉइश्चर ट्रॅप लावला. मग झोत बंद होण्याच्या आत फोटो निघतोय असं दिसलं, तेव्हा मध्ये थोडा वेळ ठेवला. असं करत करत पेटी चालायला लागली. आजही चालते. तांब्याची एक नळी, तिच्या टोकाला पितळी टोपी, टोपीला दीड मिलिमीटरचं भोक.

"ढाल मिळाली ती न चालणाऱ्या पेटीला," काका म्हणाले. "चालणाऱ्या पेटीला काय मिळालं? फाइलमध्ये त्या नळीचा फोटो आहे का? नाही. ढालीचा आहे. चौघांचे हसरे चेहरे, तुमचे प्राचार्य मधोमध. मी सही कशावर करू?"

"तुम्हाला एक गोष्ट माहीत नाही," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. तिचं खरं बोलणं तेव्हा सुरू होतं. "ती मुलगी शेवटच्या वर्षाला रोज बसनं इथं यायची. तिच्या घरी हे कुणाला पटणार होतं? कारखान्यात, सगळे पुरुष, परत जायला अंधार. ढालीचा फोटो गुजराती पेपरात आला होता. तिच्या वडिलांनी तो कापून घरात लावलाय. तो फोटो होता म्हणून 'कॉलेजचं मोठं काम आहे' असं त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं आणि तिला येऊ दिलं. तुमची चालणारी पेटी त्या न चालणाऱ्या पेटीच्या ढालीवर उभी आहे. इंटरव्ह्यूला गेली तर पॅनेलनं बायोडेटात काय बघितलं? ढाल. ढाल बघून विचारलं, काय केलं होतंस? तेव्हा ती नळीबद्दल बोलली. ढाल नसती तर नळीची गोष्ट ऐकायला कुणी बसलंच नसतं. तुमच्या आडनावाला गोरव्यात लोक ओळखतात, काका. तिच्या आडनावाला कोण ओळखतं?"

काका गप्प झाले. मी मघाशी म्हटलं तसा माझा कल आहे आणि तो इथं पक्का झाला. बक्षिसांची चेष्टा करणं ज्यांना दारं आधीच उघडी आहेत त्यांना सोपं जातं. पण त्याच वेळी हेही दिसतं की ताईच्या कॉलेजनं ढाल घेतल्यावर त्या मुलीकडे पाठ फिरवली होती. नळीची महिनोन्‌महिन्यांची खटपट ना प्रोजेक्टच्या गुणांत धरली, ना कुठल्या रकान्यात. मार्गदर्शक म्हणून ताई स्वतः पदरचं पेट्रोल घालून यायची, तेवढंच.

"यावर पेपर लिही मग," काका जरा वेळानं म्हणाले.

"लिहिला होता. नवीन काय आहे, असं विचारून परत आला. त्यांचंही बरोबर आहे. हवेनं तेल उडवणं जगाला ठाऊक आहे."

"जगाला ठाऊक असेल, या लाइनीत कुणाला नव्हतं. बाजूचे चार शेडवाले येऊन बघून गेलेत."

"आणि त्याच लाइनीत, एक दिवसही न आलेल्या मुलांना इंटर्नशिपची सर्टिफिकेटं शिक्का मारून देणारे आहेत, तेही सांगा. माझ्याकडे अशी सर्टिफिकेटं येतात तेव्हा कुणाची ते मला शिक्का बघून कळतं. कारखानदारांनी सगळं खरं आणि कॉलेजांनी सगळं खोटं, असं नाहीये हे."

काकांनी नाव विचारलं नाही. ओळखलं असावं.

मग ताईनं विचारलं, "त्या नळीचं ड्रॉइंग कुठंय?"

ड्रॉइंग नव्हतं. मुलीनं वहीत काढलं होतं आणि वही तिच्याबरोबर नोकरीच्या गावी गेली.

"उद्या टोपी झिजली तर भोक केवढं पाडायचं?"

"दीड. ऑपरेटरला माहीत आहे."

"आणि तो सोडून गेला तर? काका, हेच तर गज्जरांच्या आधी रंगाऱ्यांच्या घरी चालायचं. तुमचं सगळं संशोधन सध्या एका आयटीआय झालेल्या पोराच्या डोक्यात आहे, त्याला दोन हजार जास्त मिळाले की ते मकरपुऱ्याच्या कारखान्यांत जाईल."

या एका वाक्यानं दुपारभराच्या वादात काकांचं पहिल्यांदा खरोखर नुकसान केलं, कारण त्यांना कॉलेजपेक्षा मकरपुऱ्याची भीती जास्त आहे. त्यांनी ड्रॉवरमधून व्हर्निअर काढला आणि तिच्या हातात दिला. ताई पेटीपाशी गेली, वाकून नळीची लांबी घेतली, टोपीचा बाहेरचा व्यास घेतला, काचेपासूनचं अंतर घेतलं. काकांच्या जुन्या ड्रॉइंगबोर्डावर कागद चिकटवून तिनं उभा आणि आडवा छेद काढला. मी तिला पेन्सिलनं ड्रॉइंग काढताना कॉलेजच्या दिवसांनंतर बघितलं नव्हतं. रेषा अजून चांगली येते.

कोपऱ्यातल्या चौकटीवर मात्र पुन्हा ठिणगी पडली. ताईला तिथं कॉलेजचं बोधचिन्ह हवं होतं, म्हणजे हा कागद निदान 'उद्योगाला दिलेली सेवा' म्हणून तरी लावता येईल. काका म्हणाले, बोधचिन्ह टाकायचं तर त्याखाली मुलीचं नाव पहिलं, प्राचार्यांचं कुठंच नाही. ताई म्हणाली, ते मला मान्य आहे, पण फॉर्ममध्ये 'संस्थाप्रमुख' हा रकाना रिकामा चालत नाही. काका म्हणाले, मग फॉर्म बदला. ताई म्हणाली, दिल्लीला जाऊन सांगा.

ऑपरेटर एवढा वेळ ताईच्या खांद्यावरून कागद बघत होता. त्यानं बोट ठेवलं ते नावांच्या चौकटीवर नाही, नळीच्या तिरपेपणावर. ताईनं मुलीच्या जुन्या रिपोर्टमधून ४५ अंश लिहिले होते.

"बेन, आ पिस्तालीस नथी," तो म्हणाला. "ए तो में पछी वाळी हती. त्रीस लखो."

४५ अंशांना फवारा दिव्याच्या कडेवर आपटून परत स्लीव्हवर येत होता, म्हणून मुलगी गेल्यानंतर त्यानं पकडीनं नळी अजून वाकवली होती. काकांना हे माहीत नव्हतं. ताईनं ४५ खोडले, ३० लिहिले आणि त्याचं पूर्ण नाव विचारलं.